तिसऱ्या उमेदवाराची पत्रिका

नजरबाद, म्हैसूर
१२ नोव्हेंबर २०२५
(तिथी मुद्दाम लिहिलेली नाही. पंचांगाशी माझं सध्या बोलणं नाही. कारण पुढे येईल.)

चि. यशोधन यास दाजीचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

आधी माझी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तू पाठवलेल्या कांदा-लसूण मसाल्याचा डबा परवा मंडी मोहल्ल्यात, क्लबच्या कचेरीत, भर मीटिंगमध्ये उघडला. कुरिअरवाल्याला मीच तिकडे बोलावलं होतं. झाकण तू लावलंस की तुझ्या भरवशावर ते आपोआप लागलं, हे तूच जाणे. क्लबचे मालक अनंतकृष्ण अगरबत्तीचे कारखानदार. खाली गोदाम, वर कचेरी. गेल्या तीस वर्षांत त्या खोलीत चंदन आणि मोगरा यांच्याखेरीज दुसऱ्या वासाने पाऊल ठेवलं नव्हतं. तुझ्या मसाल्याने त्या दोघांना एका श्वासात चीत केलं.

"एन् सार् इदु?" अनंतकृष्णांनी नाकाला रुमाल लावून विचारलं. हे काय आहे, असं.

"माझ्या मेहुण्याचं प्रेम," मी म्हणालो.

"फारच तिखट प्रेम आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या क्लबच्या सेक्रेटरी. एकेकाळी राज्याकडून हॉकी खेळलेल्या, त्यामुळे त्यांचा टोला चुकत नाही. माझं पांढरं उपरणं मात्र गेलं. संन्यास न घेता माझ्या अंगावर भगवं चढवल्याचं पाप तुझ्या माथी.

मीटिंग कशाची होती ते तुला माहीत आहे. मृगराज फुटबॉल क्लबला नवा मॅनेजर हवा आहे. शेवटच्या यादीत तीन नावं होती, आणि तिसरं तुझं. तू माझा मेहुणा आहेस हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. अनंतकृष्णांना त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांच्या कारखान्यात मेहुण्यांचीच पाळी चालते.

पण मी त्या निवड समितीत काय करतो, हे तुला कुणी सांगितलेलं नसणार. निनादचा बाप म्हणून मला घेतलं असेल, असं तुला वाटत असेल. नाही. मी संस्कृत शिकवतो, म्हणून घेतलं. अनंतकृष्णांच्या मते ज्याला संस्कृत येतं त्याला ज्योतिष येतंच. मी परोपरीने सांगितलं, की मी न्यायशास्त्र शिकलो, पत्रिका नाही. माझी स्वतःची रास मला तुझ्या ताईला, कांचनला, विचारावी लागते. ते हसले. "विद्वान लोक असंच म्हणतात," म्हणाले. त्यांनी कारखान्याची जागा ग्रह बघून घेतली, गोलकीपरची जर्सी ग्रह बघून ठरवली. तेव्हा मॅनेजरची पत्रिका क्लबच्या स्थापनेच्या कुंडलीशी जुळवायचीच, आणि जुळवायची मी. लग्नाला मुलगी दाखवतात ना, तसं.

"सार्, ग्रहांना ऑफसाइड कळतं का?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"माझ्याएवढंच," मी म्हणालो. दोघांनाही ते विनयाचं बोलणं वाटलं.

आधीचे मॅनेजर श्रीनिवासराव यांना तू दोन वर्षांमागे आमच्याकडे भेटला होतास. उंच, पांढऱ्या मिशांचे, जेवताना तुझ्याशी बचावफळीवरून भांडलेले. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या रंगाऱ्यांच्या घराण्यातले. त्यांचं मराठी तुला कळेना, तेव्हा तू कानडी समजून मान डोलवत होतास. त्यांना ऑक्टोबरात काढलं. पेपरात कारण आलं: लागोपाठ पराभव आणि संघाचा हुकमी खेळाडू हट्टाने बाहेर बसवणं. हुकमी खेळाडू म्हणजे आपला निनाद. शेवटच्या सामन्याला स्टेडियम भरलं होतं, आणि पूर्ण उत्तरार्धभर सगळं स्टेडियम "म्हाताऱ्या, ऊठ!" असं एका तालात ओरडत होतं. त्या रात्री त्यांच्या फाटकावर कुणी शेण फासलं. त्यांच्या बायकोने ते सकाळी धुतलं आणि रांगोळी घातली.

श्रीनिवासरावांनी कुणालाही कारण सांगितलं नाही. पत्रकारांनी खोदखोदून विचारलं. "माझी मर्जी," एवढंच म्हणाले.

काढल्यानंतर ते एकदा घरी आले. कांचन देवळात गेली होती, ते बघूनच आले असावेत. कॉफी घेतली, कप स्वतः विसळून ठेवला, आणि म्हणाले, "उपेंद्रराव, मला काढलं त्याचं काय नाय हो. वयच झालं. पण आता मी नाय, तर त्याला बाहेर बसवणारा कोण? अष्टे. एवढंच सांगायला आलो."

यशोधन, आता ते लिहितो. फोनवर सांगता आलं नसतं, कारण फोन नेहमी तुझ्या ताईच्या हातात असतो.

सप्टेंबरात निनाद सरावात कोसळला. कांचनला ऊन लागलं म्हणून सांगितलं, तुलाही तेच कळलं. ऊन नव्हतं. तो धावता धावता पडला आणि थोडा वेळ त्याची नाडी लागत नव्हती. श्रीनिवासराव त्याच्या छातीवर दाब देत होते. तपासण्या झाल्या. त्याच्या हृदयाचा स्नायू एका बाजूला नको तितका जाड आहे. चालाबोलायला, जिने चढायला काही नाही. जीव खाऊन धावलं तर ठोका चुकू शकतो, आणि चुकला की थांबू शकतो. क्लबच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, खेळ बंद. मग अनंतकृष्णांनी बंगळूरचा एक डॉक्टर शोधला. तो म्हणाला, खेळाडूची इच्छा असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर खेळू शकतो. खेळाडूची इच्छा! तेवीस वर्षांच्या पोराला विचारायचं, की तुझी इच्छा काय.

मला वाटलं होतं मी त्याला बसवून समजावीन. आयुष्यभर तेच तर करतो. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, शंका, समाधान. मी खुर्ची ओढली. तो म्हणाला, "बाबा, खेळ सोडून काय करू? तुमच्यासारखं हेत्वाभास शिकवत बसू?" मी म्हटलं, त्याने कुणी मेलेलं ऐकिवात नाही. तो हसला आणि मग हसायचा थांबला. "आईला कळलं तर मी घरातून जाईन. नुसतं म्हणत नाही. दुसऱ्या कुठल्यातरी क्लबकडे जाईन, तिथे कुणाला काही माहीत नसेल. इथे निदान तुम्हांला माहीत आहे." कुणालाही सांगणार नाही, असं मी वचन दिलं. या पत्राने ते मोडलं.

आता मीटिंगकडे येतो.

अनंतकृष्ण प्रत्येक उमेदवाराला व्हिडिओवर शेवटी एकच प्रश्न विचारतात. "नंबर टेनला बंगळूरच्या डॉक्टरांनी परवानगी दिलेली आहे. तुम्ही त्याला पहिल्या अकरात घेणार का?" ते वाईट गृहस्थ नाहीत. डॉक्टरांवर त्यांचा विश्वास आहे, जसा ग्रहांवर आहे. त्यांना पसंत पडेल ते सांगणाऱ्या प्रत्येकावर आहे. निनाद खेळला की स्टेडियम भरतं, तो नसला की ते श्रीनिवासरावांच्या नावाने ओरडायला भरतं.

पहिला उमेदवार गोव्याचा. हुशार, मृदू बोलणारा. म्हणाला, अर्थात घेणार.

मी त्याची पत्रिका हातात घेतली, बराच वेळ पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "अष्टमात शनी आहे. क्लबच्या कुंडलीशी षडाष्टक." मला षडाष्टक हा शब्द फक्त कांचनच्या मावशीच्या तोंडून ठाऊक होता. गोव्याचा गेला.

दुसरा केरळचा. त्याने प्रश्न संपायच्या आत हो म्हटलं. त्याच्या वाट्याला मी मंगळ घातला. तोही गेला.

सरोजिनीबाई माझ्याकडे बघत होत्या. बाहेर जिन्यात म्हणाल्या, "सार्, तुमचे ग्रह फार हुशार आहेत. हो म्हणणाऱ्यालाच नेमके लागतात." मी कठडा धरून उतरू लागलो. त्यांनी पुढे विचारलं नाही. पण त्यांना कळलंय.

घरी येताना मी स्वतःवर खूश होतो. म्हटलं, एवढ्या वर्षांच्या विद्येचा काही उपयोग झाला, भले जी विद्या मला येत नाही तिचा का होईना. दारातच निनाद. त्याला क्लबातून आधीच कळलं होतं. त्याने मला उचललं, यशोधन. तपासणीनंतर पहिल्यांदा त्याने काही जड उचललं असेल. "दोघं कटले! आता मामाच! मामा आला की मी परत पहिल्या अकरात!" आत तुझी ताई वरच्या खोलीतली ट्रंक रिकामी करत होती, तुझ्यासाठी. गाणं म्हणत होती. मी तसाच उंबऱ्यावर उभा.

दोन वाटा बंद करून मी तिसरी उघडी ठेवली होती, आणि तिच्या टोकाला तू उभा आहेस, हे मला तेव्हा दिसलं. तर्कशास्त्राच्या माणसाला.

पुढच्या शुक्रवारी तुझी मुलाखत आहे. त्या आधी तुझी पत्रिका मी वाचायची आहे. ती कांचनच्या कपाटात आहे, मी उघडलेली नाही. तुलाही शनी लावायचा का, यावर मी बराच विचार केला. तालमीचा फुटबॉल संघ सुटल्यापासून तू घरी बसून आहेस, हे मला माहीत आहे. कोल्हापुरात पेठेतली माणसं रस्त्यात थांबवून विचारतात, "काय मास्तर, सध्या कुठं?" हेही ताईने सांगितलंय. तुझ्या नशिबावर खोटा शनी सोडायला माझा हात धजत नाही. आणि सोडून उपयोगही नाही. अनंतकृष्ण कालच म्हणाले, "तिसराही जुळला नाही तर गोव्याच्या माणसाची शांती करून घेऊ. शनीला तेल वाहायला किती वेळ लागतो?"

म्हणून तुझी पत्रिका उत्तम निघणार आहे. गजकेसरी वगैरे. तू निश्चिंत राहा.

मग ते तुला प्रश्न विचारतील. तू नाही म्हणालास, तर तू गेलास आणि गोव्याचा आला. म्हणून तू हो म्हण. मी, उपेंद्र, ज्याने तुला लहानपणी दोन आंबे जास्त खाल्लेले लपवलेस म्हणून सत्यावर प्रवचन दिलं होतं, तो तुला सांगतोय: तोंडावर हो म्हण. ये. नोकरी घे. आणि मग श्रीनिवासरावांसारखा त्याला बाकावर बसव. लोक ओरडतील. फाटकावर शेण येईल. ते धुवायला मी येईन. काढून टाकीपर्यंत बसव. तेवढ्या महिन्यांत तो कदाचित थकेल, कदाचित एखादी मुलगी भेटेल, कदाचित मला काही सुचेल.

इथवर लिहून मी थांबलो होतो. वाटलं, सगळं बांधेसूद झालं. मग तुझ्याबद्दल आठवत बसलो.

दर मे महिन्यात तो तुझ्याकडे यायचा. एकदा तो तापाने फणफणलेला असताना तू त्याला सामन्यात उतरवलंस, कारण तो रडला. संध्याकाळी कांचन तुझ्यावर कडाडली तेव्हा तू मान खाली घालून म्हणालास, "ताई, माझ्याच्यानं त्याला नाही म्हणवत नाही गं." आम्ही त्यावर कितीदा हसलो आहोत.

तू डाव आखण्यात कच्चा आहेस अशी मला काळजी नाही. तू त्याला बुटाची लेस बांधायला शिकवलीस. तो तुझ्यासमोर येऊन उभा राहील, काही बोलणार नाही, नुसता "मामा" म्हणेल. त्या वेळी बाकी सगळं, माझं हे पत्र धरून, तुझ्या डोक्यातून जाईल.

तुला दोष देत नाही. तो अजून रोज पहाटे मैदानावर जातो, एकटाच धावायला. मी जागा असतो. उठून फाटकाची कडी काढून देतो, कारण आवाज झाला तर ताई जागी होईल. मग तो परत येईपर्यंत तिथेच पायरीवर बसतो.

माझा मुलगा मरेल, अशी मला भीती वाटते, यशोधन. त्याला नाही म्हणू शकेल असं माणूस आपल्या घरात एकही नाही.

तुझा,
दाजी