शपथविधीनंतरचं घर

बाबा, देशाला नवे राष्ट्रपती आले आणि आपल्या घरात दोन चुली झाल्या. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली, म्हणून आधी दिल्लीचं सांगते. आधीचे राष्ट्रपती पदावर असतानाच वारले. त्यांच्या जागेसाठी तुमच्या पक्षानं एक माणूस उभा केला, आणि पक्षातल्याच बऱ्याच जणांनी, ज्याच्या मनाला जे पटेल ते त्यानं करावं म्हणत, दुसऱ्यालाच निवडून आणलं. मोठ्या बँका नुकत्याच सरकारनं ताब्यात घेतल्या होत्या, आणि ते ज्यांना पटलं तेच ह्या दुसऱ्या माणसाच्या मागे होते. आपल्या पिंपळगाव राजाच्या बाजारात वांगी घेता घेता माणसं ह्यावरून हमरीतुमरीवर यायची. दादा जुन्या पुढाऱ्यांच्या बाजूचा. धाकटा खामगावच्या कॉलेजात शिकलेला. आता गरिबाला बँकेची पायरी चढता येईल, असं तो जो भेटेल त्याला सांगायचा.

मी राखीसाठी देऊळगाव राजाहून माहेरी गेले होते. संध्याकाळी ओसरीवर रेडिओ लागलेला, शपथविधीची बातमी चाललेली, आणि धाकटा पेढ्यांचा पुडा घेऊन येतो. "दादा, तोंड गोड कर."

"काऊन? घरचाच मानूस पाडला म्हून?"

"जुनी मक्तेदारी पाडली, दादा. मानूस नाही."

"बाबाच्या पक्षाचे तुकडे करून राह्यले तुमचे लोक, अन् मले पेढा चारतं बे?" दादानं पेढा गोठ्याकडे भिरकावला. धाकटा म्हणाला, "पक्ष काही तुह्या एकट्याच्या बापाचा नाही." दादाचा हात उठला. धाकट्याची बायको चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं तवा खाली उतरवून ठेवला आणि लेकराला उचलून आत गेली. राखी मी दोघांना दोन वेगळ्या खोल्यांत बांधली.

पोळ्याच्या आत वाटण्या झाल्या. वावर अर्धं अर्धं आणि बैल एकेक. त्या पोळ्याला आपल्या दारातून जोडी निघालीच नाही, बाबा. मी निरोप मिळताच पुन्हा धावत गेले. दादाच्या पायाशी बसले, तर तो म्हणाला, "तू सासरची हायेस बाई, ह्या गोठीत पडू नोको." धाकट्याकडे गेले. तो म्हणाला, "आधी त्यानं मान्य करावं." मी विचारलं, काय मान्य करावं? "का राष्ट्रपती बरोबर निवडून आला म्हून." मला हसू आलं, आणि मग असं रडू आलं की त्याची बायको पाणी घेऊन धावत आली. ज्या माणसाला आपल्यापैकी कोणी कधी पाहिलं नाही, पाहणारही नाही, ज्याला आपल्या गावाचं नाव ठाऊक नाही, त्याच्यासाठी दोन सख्खे भाऊ एका विहिरीवर एका वेळी येत नाहीत. हे मी कोणाला समजावून सांगू?

मायला दोघंही ठेवून घ्यायला तयार होते. तिनं कुणाच्याच चुलीवरचं खाल्लं नाही. शेवटी मी तिला माझ्याकडे आणलं. इथं येऊन तिनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणतात, आजार सापडत नाही. दोन घास भात, तोही मी भरवला तर. मी दोघांना कळवलं, माय चालली, या. दोघांकडून एकच उत्तर आलं. तो कोणत्या दिवशी येणार आहे ते कळव, म्हणजे मी तो दिवस सोडून येईन. आता त्यांना काय लिहू? मायला काय सांगू? मला काही सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

काल दुपारी मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा ती एकदम म्हणाली, "तुहे बाबा असते तं दोघाईले एका ताटात बसवलं असतं."

बाबा, देशाच्या पहिल्या निवडणुकीत काका, तुमचे सख्खे भाऊ, दुसऱ्या पक्षासाठी फिरले होते. पुढच्या संक्रांतीला मी त्यांच्या घरून तीळगूळ खाऊन आले, तर तुम्ही माझी हनुवटी धरून म्हणालात, "थुंक ते." मी थुंकले. आणि तुमच्या शेवटच्या आजारात काका दारात येऊन उभे राहिले, चपला हातात घेऊन. मायनं त्यांना पाणी दिलं. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत आणि ते जाईपर्यंत वळला नाहीत. दादा तेव्हा तुमचे पाय चेपत होता. धाकटा मायच्या पदराला धरून उभा होता. दोघांनी पाहिलं. मीही पाहिलं.

मायही तिथंच होती. पण तिला ते आता आठवत नाही, किंवा आठवायचं नाही. हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी तिची वेणी घातली आणि म्हटलं, "हाव माय, बसवलं असतं."