काय दिसलं?

४ जून

मिशी वाचली! मिशीला वेगळा मास्क मिळतो. सकाळपासून तोच घोर लागला होता. ही म्हणाली, "चिप बनवायला निघालात आणि काळजी कसली, तर मिशीची."

वर्गात आम्ही सगळे माजी फौजी. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा डगला, दोन-दोन हातमोजे, फक्त डोळे उघडे. माणसाच्या अंगावरचा एक कण पडला तरी चिप वाया जाते म्हणे. चालायचंही सावकाश. मी सवयीने खाडखाड निघालो. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या. म्हणाल्या, "परेड बाहेर ठेवून या."

पास झालो तर कारखान्यात कायमची नोकरी. निवृत्तीनंतर दोन वर्षं घरात बसून हिचं डोकं खातोय. सुटेल बिचारी.

९ जून

आज एकच नियम शिकवला. मशीनवर काही खटकलं की कुणीही "थांबा" म्हणायचं. नवखा असला तरी. सगळ्यांनी हात काढून घ्यायचे. मग वरिष्ठाने एवढंच विचारायचं, "काय दिसलं?" का थांबवलं, कुणाला विचारून थांबवलं, हे विचारायचं नाही.

आमच्या पलटणीत असं कुणी थांबवलं असतं तर त्याचं काही खरं नव्हतं. माझ्या शेजारी बसतो तो नौदलातला. मी त्याला दर्या म्हणतो. तोही कपाळाला हात लावून बसला.

२० जून

नापास.

मशीनमधला दाब हिरव्या पट्ट्याच्या बाहेर होता. मला दिसलं होतं! चांगलं दिसलं होतं. मॅडम म्हणाल्या, "उशीर होतोय, चकत्यांचा डबा आत टाका." मी "येस मॅडम" म्हणून टाकला. सगळ्या सिलिकॉनच्या चकत्या बाद. सरावाच्या होत्या म्हणून बरं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. म्हणाल्या, "मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं. तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

काय सांगणार? वरच्याने सांगितलं आणि मी नाही म्हटलं, असं आयुष्यात घडलेलं नाही. अजून एक संधी आहे. ती गेली की घरी.

२१ जून

लाज वाटते. जेवण गेलं नाही.

२४ जून

आरशासमोर उभा राहून "थांबा" म्हणायचा सराव. गंमत बघा, तोफेच्या आवाजात हुकूम सोडणारा माणूस मी, आणि एवढासा शब्द तोंडाबाहेर पडत नाही.

ही दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. खांद्यावर टेप, हातात कुणाचातरी झगा. तिचं शिलाईचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे, गिऱ्हाईक घरापर्यंत येतं. हसली. म्हणाली, "मलाही शिकवा कधीतरी."

तिला कशाला लागतंय ते!

२८ जून

पास! पास! पास!

डबा हातात होता. मॅडम घाई करत होत्या, "वरून ऑर्डर आहे, टाका लवकर." मशीनच्या दाराच्या रबरी कड्यावर बारीक काळी रेघ दिसली. चीर असणार. आणि म्हटलं, "थांबा."

म्हटलं कसलं, गर्जलो. पलीकडच्या खोलीतले लोकसुद्धा हात वर करून उभे राहिले. दर्याच्या हातातला चिमटा पडला.

"काय दिसलं?" मॅडमनी विचारलं. मी दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं. चीर नव्हती, नुसता डाग होता. मला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "बरोबर असायलाच हवं असं कुठे आहे? थांबवलंत, हे महत्त्वाचं."

बाहेर येऊन दर्याने मिठी मारली. डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही.

२ जुलै

नेमणुकीचा कागद आला. मोठा कारखाना, दुसऱ्या शहरात. एक तारखेला हजर व्हायचंय. घरात शिरतानाच ओरडलो, "चला, आवराआवर सुरू करा!" माळ्यावरून जुनी ट्रंक काढली. इतक्या बदल्या झाल्या, ही ट्रंक भरण्यात हिचा हात धरणारं कुणी नाही. सांगायचा अवकाश, भरून तयार.

आज जरा गप्प आहे. दमली असेल.

३ जुलै

ट्रंक उघडली. पहिला कपडा ठेवणार तोच हिने झाकणावर हात ठेवला. हळूच म्हणाली, "थांबा."

मी दोन्ही हात काढून घेतले. का, हे जिभेवर आलं होतं. गिळलं. खाली बसलो आणि विचारलं, "काय दिसलं?"

ती बोलायला लागली. दुकानापासून सुरुवात केली. चहा गार झाला, अजून बोलतेय.