डोक्याशी गाठ, शेपटीशी गाठ

सुदेश, आधी चष्मा शोध. कपाळावर असेल. आता बस, आणि हा कागद शेवटपर्यंत वाच. अर्धा वाचून ठेवलास तर कुठे ठेवलास ते तुला आठवायचं नाही. आईचं पूर्ण नाव तू बँकेत दोनदा चुकीचं सांगितलंस, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी, भागीरथी धाकू भोईर, वय अंदाजे एक्क्याऐंशी, धंदा मासेविक्री, राहणार ठाकुर्ली, खाडीकडची बाजू. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने सांगते आहे, मागे कोणी उभं नाही. मला अक्षर येत नाही. मी बोलते, वकील योगिनीताई लिहितात आणि लिहिलेलं दोनदा वाचून दाखवतात. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर संचिताने आज वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली, आणि तिच्या आईने मागच्या शिमग्याला नेलेला माझा डबा अजून परत आला नाही, हेही सांगितलं. तिने लगेच दाखला दिला.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि ओटा, माझा मुलगा सुदेश, राहणार वर्तकनगर, आणि माझी नात सान्वी, म्हणजे माझ्या मयत मुलीची, हेमांगीची मुलगी, यांना निम्मं निम्मं. सुदेशच्या हिश्श्याला अट आहे. ती कलम चारमध्ये येईल, तोवर झोपू नकोस.

कलम २. सोन्याच्या कुड्या सान्वीला. बँकेतली ठेव सुदेशला. माझं नाव नीट सांगितलंस तर मिळेल. कोयता, पाटी आणि बाजारातली बसायची जागा माझ्या शेजारी बसणाऱ्या रखमाबाईला. भांडली खूप, पण माझ्या पाटीला कधी हात लावला नाही. तराजू कोणाला देत नाही, कारण तो माझ्याकडे नव्हताच. मी जन्मभर वाटे लावून मासळी विकली. वजन करायचं काम माझ्या पोरीने केलं.

कलम ३. हे कलम देण्याघेण्याचं नाही, असं वकीलबाईंचं म्हणणं. तरी लिहा म्हटलं.

हेमांगी माझी थोरली. रसायनशास्त्र शिकली आणि एका प्रयोगशाळेत मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रावर अकरा वर्षं बसली. डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूचे ते तुकडे करतं, एकेका तुकड्याचं वजन घेतं, आणि त्या वजनांवरून मूळ वस्तू कोणती ते कळतं. मी म्हटलं, त्यात काय एवढं, ताटात उरलेले काटे बघून कोणी कुठला मासा खाल्ला ते मीही सांगते. ती म्हणाली, "आई, तेच आहे. फक्त माझं ताट महाग आहे."

कारखान्यांच्या पाण्यातलं एक विष खाडीच्या मासळीत उतरतं का, हे ती शोधत होती. त्यासाठी दर रविवारी खाडीतली बोई मासळी मीच आणून द्यायचे. चिठ्ठी लिहिता येत नाही, म्हणून सासूच्या रीतीने दोरा बांधायचे: भरतीच्या बोईला एकीकडे गाठ, ओहोटीच्या बोईला दुसरीकडे. एक डोक्याशी, एक शेपटीशी. हेमांगी वहीत आकडा मांडायची आणि भरती-ओहोटी अक्षरांत न लिहिता शेजारी गाठीसकट मासा काढायची, मला पडताळता यावं म्हणून. आकडे तिचे, मासे माझे. दोन वर्षांनी नक्की झालं की विष ओहोटीच्या मासळीत जास्त, कारण तेव्हा वरच्या नाल्यांचं पाणी खाली उतरतं.

मग ती आजारी पडली. ती इस्पितळात असताना तिच्या साहेबांनी वहीच्या झेरॉक्स काढल्या, वही परत केली आणि सगळं स्वतःच्या नावाने छापलं. शेवटच्या ओळीत 'प्रयोगशाळेतील एका सहायिकेचे' आभार मानले. म्हणून माझ्या मृत्युपत्रात तेही नुसते एक साहेब. नाव सान्वीला माहीत आहे.

पण गाठी त्यांना वाचता आल्या नाहीत. विचारणार कोणाला, विचारलं असतं तर चोरी उघडी पडली असती. अंदाजाने ठरवलं आणि उलटं छापलं: भरतीची मासळी वाईट, ओहोटीची खायला हरकत नाही. हेमांगीने खाटेवरून तीन पत्रं धाडली. 'नंतर पाहू' एवढं एक उत्तर आलं. नंतर ती राहिली नाही.

बाजारात बायका ओहोटीची बोई मागू लागल्या. मी विकत नाही म्हटलं. एक म्हणाली, "मावशी, पेपरात छापून आलंय. तुला वाचता येतं का?"

"नाही येत," मी म्हटलं. "म्हणून तर मासा बघते."

ती उठून पलीकडच्या पाटीवर गेली.

या दिवाळीनंतर साहेब शाल घेऊन घरी आले. मास स्पेक्ट्रोमेट्रीत ज्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, अशा शास्त्रज्ञांसाठी पुरस्कार काढलाय म्हणे. समितीचे अध्यक्ष हेच. पहिला पुरस्कार हेमांगीला, मरणोत्तर.

"आजी, ती आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटली हो."

"सुटली कशी? अकरा वर्षं तुमच्या टेबलासमोर बसायची ना?"

साहेबांनी शाल या हातातून त्या हातात घेतली. "तिची मूळ वही आम्हाला द्या. काचेच्या कपाटात ठेवू, अगदी सुरक्षित."

"किल्ली कोणाकडे?"

यावर ते चहा प्यायले. सुदेश म्हणाला, "आई, देऊन टाक ना. घरात ती रद्दीच आहे." मी त्याला कप विसळायला आत पाठवलं.

त्या वहीच्या शेवटच्या चार पानांवर हेमांगीने तारखेसह लिहिलंय, साहेबांनी गाठी कुठे उलट्या वाचल्या ते. झेरॉक्स काढल्या तेव्हा ती पानं कोरी होती. काचेमागे वही एकाच पानावर उघडी राहते. ते पान कोणतं असेल, हे मला वाचता येत नसूनही कळतं.

कलम ४. ही वही एकट्या सान्वीची. सुदेशने ती, किंवा तिचं एक पानही, साहेबांना दिलं तर घरातला त्याचा हिस्सा सान्वीला जाईल. पुरस्कार सान्वीने एकाच अटीवर घ्यावा: साहेबांनी आधी चूक दुरुस्त करून छापावी, हेमांगीचं नाव वर घालून, आणि मंचावर उभं राहून सांगावं की ओहोटीची बोई खाऊ नका, मी चुकीचं छापलं होतं. नाही जमलं तर शाल, ढाल, सगळं परत. ज्याने पाठ फिरवली त्याच्याच हातून माझ्या लेकीला मान नको.

कुठली गाठ कशाची, ते सान्वीला ठाऊक आहे; इथे मुद्दाम लिहीत नाही. मृत्युपत्राच्याही झेरॉक्स निघतात.

ठिकाण: ठाकुर्ली. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६.
भागीरथी धाकू भोईर, डाव्या हाताचा अंगठा.
साक्षीदार: १. डॉ. संचिता (सही). २. शेजारी काळुराम (सही, चष्मा घरी विसरला, डॉक्टरीणबाईंचा लावून केली).
लिहिणार: ॲड. योगिनी (सही).

अंगठा पुसल्यावर आठवलं. वकीलबाई म्हणतात, आता वाढवायचं तर पुन्हा अंगठा, पुन्हा सह्या. करू.

कलम ५. माझ्या बाराव्याला साहेबांच्या घरी डबा पाठवा. तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि खाडीच्या दोन भाजलेल्या बोई, एक भरतीची, एक ओहोटीची. गार झाल्यावर सान्वीने रीतीप्रमाणे दोरे बांधावेत, एकीला डोक्याशी गाठ, दुसरीला शेपटीशी. सोबत चिठ्ठी देऊ नका. कुठली खायची ते साहेबांनी गाठी बघून ठरवावं, आणि ते खाईपर्यंत सुदेशने तिथेच बसून बघावं. डबा परत आणायला विसरू नकोस.