अर्ध्या रानाचा चुना

१२ मे २०२४
सापडला! वेल्डिंगचा गॅस करणाऱ्या कारखान्यामागं पांढरा डोंगरच—कार्बाइडचा चुना! टाकाऊ म्हणून पडलाय. मॅनेजर म्हणाले, "ट्रॉली आणा, पाहिजे तेवढा न्या." आमच्या माती परीक्षण लॅबमध्ये तपासला. घातक काही नाही. हिंडलग्याच्या आमच्या तांबड्या रानाला हाच पाहिजे! माती इतकी आम्ल की भुईमुगाला नुसता पाला, शेंगा पोचट.

१४ मे
आईनं झाडलं. "चुन्यानं तोंड भाजतंय, रान न्हाय भाजणार?" जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबून तिनं हे घेतलंय. भीती कळते मला. संघर्षदादा तर प्लॉट पाडून विकायला टपलाय. शेवटी ठरलं—एक हंगाम बघायचं. अर्ध्यात चुना, अर्धं तसंच. फरक दिसला नाही तर विकायचं.

१९ मे
पसरला! मी आणि शेजारच्या गुणाबाई, नाकातोंडाला फडकं बांधून. भुवया पांढऱ्या! आई बांधावरून बघत होती. उद्यापासून आठवडाभर धारवाडला ट्रेनिंग.

२ जुलै
उगवण काय सुरेख!!

२१ ऑगस्ट
पानं काळीशार हिरवी. बांधावर नाचले! पण चुना नसलेली बाजूही हिरवीगारच... असू दे. खरं काय ते शेंगेत कळेल.

६ ऑक्टोबर
काढणी. चुन्याकडचा वेल उपटला—शेंगा गच्च, दाणे टपोरे! ओरडलेच. मग दुसऱ्या बाजूचा उपटला. तोही गच्च!
दादा हसला. "पाऊस लई चांगला झाला गं औंदा. चुन्याचं काय न्हाय त्यात. ठरल्यापरमानं गिऱ्हाईक आणतो."
आई खाली बघून शेंगा तोडत राहिली.

९ ऑक्टोबर
राहवेना. चुना नसलेल्या अर्ध्याची माती आज लॅबला लावली. आम्लपणा जवळजवळ गेलेला! पावसानं असं होत नाही!! घरी येऊन आईला धरलं.
"तू धारवाडला गेलतीस तवा टाकला. उरलाच हुता की. एका लेकराला वाढायचं नि दुसऱ्याला उपाशी ठिवायचं व्हय?"
"मग काढणीदिवशी का नाही बोललीस?"
"तुझी परीक्षा मोडली म्हणून चिडशील वाटलं."
दादाला फोन तिनंच लावला. "गिऱ्हाईक नगं आणूस रं. रान ऱ्हाणार."
मी विचारलं, "आणि भाजलं असतं तर गं?"
"तू म्हणालतीस की, न्हाय भाजत म्हणून."