डावखुऱ्या कारागिराच्या अकरा सुऱ्या

प्रिय फ्राउके,

सगळ्यात आधी आल्या त्या शेजारच्या हॉल्टरहॉफबाई. पाहुण्यांच्या आधी, बेल वाजायच्या आधी, एप्रनसकट. कासेलच्या नंबरची गाडी खाली थांबली आणि तिच्यातला माणूस आपल्या ओळीतल्या घरांचे आकडे वाचत येतोय, हे त्यांनी पडद्याआडून पाहिलं होतं. म्हणाल्या, ट्राउडे, तुझ्याकडे कोटातला माणूस येतोय, तू एकटी बरी नाहीस. मी म्हटलं, बाई, चौऱ्याऐंशीव्या वर्षी कोटातला माणूस येतोय, तर एकटीलाच असू द्या की. पण त्या बसल्या, आणि वर वॅफलचं पीठ कालवायला घेतलं, मग मीही बशा काढल्या. तुझा बाबा तेवढ्यात पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायला आला होता, म्हणजे घर भरलंच.

पाहुणे दोघं. श्टोकर म्हणून निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची बायको मार्लीस. माणसं गोड गं. त्यांना जुन्या सुऱ्या जमवायचा नाद आहे, सैनिकांच्या, आणि युद्धाच्या काळात गणवेश घालून कवायतीला नेलेल्या पोरांना कमरेला लावायला देत त्या. त्यांनी टेबलावर एक फडकं उलगडलं. आत काळ्या मुठीची सुरी, आणि मुठीवर चक्क चिकटपट्टी. मी विचारलं, हिला लागलंय का कुठं? श्टोकर हसले. म्हणाले, आजी, पट्टीखालचं त्या राजवटीचं स्वस्तिक उघडं दाखवलं तर पोलिसांचं लचांड मागे लागतं, म्हणून प्रदर्शनात आम्ही सगळेच पट्ट्या लावतो. मग ते एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, ही तुमच्या भावाची सुरी आहे का, एवढं सांगाल? एवाल्डची?

आता तू म्हणशील, यांना एवाल्ड कुठून माहीत. त्यांच्याकडे सुरीबरोबर आलेलं एक जुनं पत्र होतं. विकणाऱ्यानं लिहिलं होतं, की ही माझ्या मेहुण्याची सुरी, तो पंधराव्या वर्षी एप्रिल पंचेचाळीसमध्ये वुपर नदीच्या पुलावर लढताना मारला गेला. खाली आपला पत्ता. म्यानाच्या चामडी पट्टीवर आतल्या बाजूनं एवाल्डचं नावही होतं. येत्या शरद ऋतूत कासेलला त्यांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. त्यांना ती सुरी काचेत ठेवायची आहे, शेजारी एवाल्डचा फोटो आणि खाली त्याची हकीकत. मी फक्त हो म्हणायचं आणि कपाटातला फोटो काढून द्यायचा.

मी सुरी हातात घेतली. मार्लीसबाईंनी माझ्यासाठी रुमाल काढून ठेवला होता. मला रडू आलं नाही, तेव्हा त्याच रडल्या आणि रुमाल त्यांच्याच कामी आला. मी चष्मा लावून सुरी खिडकीशी नेली आणि मुठीचे रिबीट, म्हणजे मूठ पात्याला जखडणारे खिळे, पाहिले. तुला माहीत आहे, माझी शाळा तिसरीत बॉम्बनं संपली, आणि पुन्हा भरली तेव्हा मी आईबरोबर सुऱ्या पुसायला बसले होते. पुस्तकातलं मला काही कळत नाही. पण मूठ मला कळते. वीस वर्षं मी आपल्या तळघरात पात्यांना मुठी बसवल्या. रिबीट एका बाजूनं घालायचा आणि दुसऱ्या बाजूनं ठोकून पसरवायचा. सुऱ्या करणारं आपलं सगळं झोलिंगेन गाव उजव्या हातानं ठोकतं, मी डाव्या. त्यामुळे माझ्या रिबिटाचं डोकं नेहमी भलत्या बाजूला येतं. तुझे आजोबा कायम कुरकुरायचे, अगं, उलटी बसवतेस, कुणी पाहिलं तर? मी म्हणायचे, रिबिटाकडे कोण वेडा पाहतोय.

तर हे श्टोकर पाहतात. मी रिबिटावर बोट ठेवलं तसे ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, बरोबर पकडलंत आजी, हीच तर खूण. त्यांनी म्हणे मंडळाच्या मासिकात लेखच लिहिलाय. युद्धाच्या शेवटी कुणीतरी अज्ञात डावखुरा उस्ताद होता, त्याच्या हातच्या साऱ्या जगात फक्त अकरा सुऱ्या सापडल्यात, एक पार कॅनडात. काय सफाई, म्हणाले, काय दाब, उस्तादच तो. फ्राउके, त्या तळघरातल्या वीस वर्षांत मला कुणी उस्ताद म्हटलं नव्हतं. मी लाजले गं. हॉल्टरहॉफबाई म्हणाल्या, ट्राउडे, तुला ताप आलाय, लाल झालीस. मी म्हटलं, वॅफलच्या वाफेनं.

युद्ध संपलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. रिबीट ठोकायला शिकले लग्नानंतर. बासष्ट साली आजोबांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातली उरलेली पाती आणि मुठी खोक्यांनी आणल्या. म्हणाले, अमेरिकन लोकांना आठवण म्हणून हव्यात, नव्या आहेत हे सांगूनच विकतो. मी बसवत गेले. पुढं त्यांनी म्यानं परसातल्या झुडपाखाली पुरली आणि वसंतात उकरून काढली. विचारलं तर म्हणाले, गिऱ्हाइकाला गंज आवडतो. तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी गप्प राहिले आणि पुढची मूठ घेतली, ही माझी चूक, ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

पण एवाल्डचं मला माहीत नव्हतं. त्याची खरी सुरी कुठं गेली ते सांगते. त्या सकाळी तो पुलाकडे निघाला तेव्हा आईनं ती त्याच्या पट्ट्यातून काढून घेतली. म्हणाली, तुला तिथं बंदूक देतील, मला बटाटे सोलायचेत. तो रागावला, पण गेला. अमेरिकन सैनिक आले त्या आठवड्यात माझ्या बाबांनी मुठीवरचं चिन्ह उचकटून काढलं. चांगलं पोलाद इथं कुणी टाकतं का? आईनं सहा वर्षं त्या सुरीनं बटाटे सोलले, बाबा दर वेळी धार लावत राहिले, आणि शेवटी पातं माझ्या करंगळीएवढं उरलं तेव्हा ते मोडलं. आईनं ते तुकडे परसात पुरले. एवाल्डची म्हणून पुरायला घरात तेवढंच होतं.

आणि त्या पत्रातलं अक्षर तुझ्या आजोबांचं होतं. सालही होतं, चौसष्ट. जेवताना माझ्याकडून एवाल्डच्या गोष्टी ऐकायचे आणि वर जाऊन हे लिहायचे.

मी श्टोकरांना तेव्हाच बोलले असते. पण तुझा बाबा माझ्या मागे येऊन उभा राहिला, त्यानंही अक्षर ओळखलं होतं. स्वयंपाकघरात नेऊन म्हणाला, आई, हो म्हणून टाक ना, कुणाचं काय बिघडतंय, बाबांचं नाव कशाला खराब करतेस, ते लोक किती खुशीत आहेत बघ. मी म्हटलं, डेटलेफ, तुझ्या बाबांचं नाव त्यांनी स्वतः लिहिलंय, एवाल्डचं त्यांनी त्याला न विचारता लिहिलंय. तो म्हणाला, तू म्हातारी आहेस, तुझं कोण ऐकणार? तिथंच माझं ठरलं. मी बाहेर आले आणि पाहुण्यांना म्हटलं, उत्तर देते, पण आज नाही, परत या. पाहुणे वॅफलवर उकडलेल्या चेऱ्या घेऊन दुसऱ्यांदा बसले आणि हॉल्टरहॉफबाईंनी त्यांना आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन सुरुवातीपासून सांगितलं, त्यामुळे कुणाला वाईट वाटलं नाही.

तळघरातून मी हातोडी वर आणली आहे. जुन्या मुठींची एक जोडीही खोक्याच्या तळाशी मिळाली. काल तीन रिबीट ठोकून पाहिले, डोकं अजून भलत्याच बाजूला येतं. श्टोकरांच्या डोळ्यांसमोर बसवून दाखवणार आहे. त्यांचा उस्ताद हातचा जाईल याचं मला खरंच वाईट वाटतं. पण एवाल्डचा फोटो त्या सुरीशेजारी लागणार नाही.

आता तुला हे लिहिण्याचं कारण, बाळा. तुझ्या चौदाव्या वाढदिवसाला आजोबांनी तुला एक सुरी दिली होती, आणि कुणाला न सांगता ठेव, ही एवाल्डची, असं म्हणाले होते. तू ती मला मागच्या नाताळात दाखवलीस, चिंधीत गुंडाळून, आणि मी छान आहे म्हटलं. तीही मीच बसवलेली आहे, रिबीट पाहा. तुझा आजोबांवर फार जीव, आणि तुझ्यावर त्यांचा होता तो खोटा नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन. पण हे तुला पाहुण्यांसमोर कळू नये, माझ्याकडून कळावं. आणि ती सुरी घेऊन ये. एवाल्डच्या दोन सुऱ्या एका टेबलावर ठेवल्या, की म्हातारी बरळते असं तुझ्या बाबालाही म्हणता येणार नाही. कागदही आण, मी सांगेन ते नीट अक्षरात लिही, खाली मी सही करते. श्टोकर पतिपत्नी येत्या गुरुवारी, अठरा तारखेला, दुपारी तीनला येतो म्हणालेत.

तुझीच,
ट्राउडेआजी