कंपनीचा माणूस आणि गळका नळ

अण्णा, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे, आणि ती तुमच्या हयातीत नोंदवता आली नाही याबद्दल मी दिलगीर आहे. तुमच्या लोखंडी पेटीत नटबोल्ट पिळायचे तेरा पाने आहेत. तेराही मी पुसून, ओळीने मांडून, एकेक करून लावून पाहिले. आमच्या मांजर्लीच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराच्या नळाला त्यातला एकही बसत नाही. तुमचे पाने जुन्या इंचाच्या मापाचे, नळ हल्लीचा. तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली, दर खंडेनवमीला मी या तेरा जणांना न चुकता हळदकुंकू लावतो. इतकी वर्षं पूजा घ्यायची आणि भक्तावर प्रसंग आला की हात वर करायचे, हे देवांना शोभतं, पान्यांना नाही.

तुम्ही म्हणाल, तुला पान्याशी काय करायचंय? बरोबर आहे. माझा आणि पान्याचा संबंध अंबरनाथच्या आपल्या दोन खोल्यांतच तुटला होता. रविवार होता, नळाला पाणी यायला अर्धा तास होता, तुम्ही मोरीत उकिडवे बसला होता. मी दहा वर्षांचा, हातात ओलं फडकं. तुम्ही हात मागे करून पाना मागता, मी देतो. तुम्ही न बघता तो बाजूला ठेवता आणि पुन्हा हात मागे करता. तिसऱ्यांदाही मी चुकीचाच देतो तेव्हा तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघता. रागाने नाही, कारखान्यात एखादा नग तपासून बाजूला काढतात तसं. "हे तुझं काम नाही रे. तू आत जाऊन तुझे ते देव म्हण." मी आत जाऊन देवः देवौ देवाः म्हणू लागलो, रडू कळू नये म्हणून जरा मोठ्यानेच. थोड्या वेळाने मोरीतून ठक ठक ठक ऐकू आलं. तुम्ही पाइपावर पान्याने ताल धरला होता. पुढे कॉलेजला जाताना तुम्ही मला जाडजूड संस्कृत कोश आणून दिलात, कंपनीच्या तपकिरी कागदात बांधलेला, मशीनच्या तेलाचा वास असलेला. आजही त्यातला एखादा शब्द शोधताना मला तेलाचाच वास येतो. तुमच्या त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं, अण्णा. उल्हासनगरच्या शाळेत मुलांना रूपं घोकायला लावतो. लग्नाचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. राहिलो मी आणि आई.

आता आईचं सांगतो. दिवाळीनंतर ती मला ओळखेनाशी झाली. आधी मला तुमच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारायची, मग "अहो मास्तर" म्हणायला लागली, आणि एका संध्याकाळी मी ताट घेऊन गेलो तर पदर सावरून भिंतीला टेकून उभी राहिली. "तुम्ही कोण? घरात पुरुषमाणूस नाही माझ्या." दिवसा एक मावशी सांभाळायला येतात, त्यांच्या हातचं खाते. त्या पाच वाजता गेल्या की माझ्या हातचा पाण्याचा घोटसुद्धा नाही. शाळेतून येऊन एकदा किल्लीने दार उघडून आत शिरलो तर अशी ओरडली की समोरच्या बिऱ्हाडातले धावत आले. त्यांना मी काय सांगू? की ही माझी आई आहे आणि मी चोर नाही? चार संध्याकाळी ती उपाशी राहिली. पाचव्या संध्याकाळी नळ गळायला लागला.

त्या दिवशी मी काहीतरी करायचं म्हणून माळ्यावरची तुमची पेटी काढली आणि पाना हातात घेऊन ओट्याशी उभा राहिलो. आई दारात आली. पेटीकडे पाहिलं, पान्यावरच्या कुंकवाच्या डागाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा सैल पडला. "ह्यांची पेटी! म्हणजे ह्यांनी पाठवलंय तुम्हाला. कंपनीतले ना?" मी हो म्हटलं. जन्मभर मुलांना सत्यं वद शिकवणारा मी, एका क्षणात हो म्हटलं. "मग बसा की. आधी चार घास खाऊन घ्या, मी पण बसते तुमच्याबरोबर." मी ताटं वाढली आणि ती जेवली. दोन पोळ्या, भात, वर ताक.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एका म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराकडे गेलो. "साईं, नल लाए हो?" "नहीं, फोटो है मोबाइल में." त्याने फोटो बघितला, मग मला. "मास्टरजी, फोटो को वायसर कैसे बिठाऊँ?" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. शेवटी त्याने दोन मापांचे वायसर, म्हणजे नळात बसायच्या रबरी चकत्या, एक उघडझाक करणारा स्क्रू पाना आणि टेपचं पांढरं रीळ दिलं, आणि बजावलं, "पहले पानी बंद करना, हाँ?" तेवढं मी विसरलो. नळाचं वरचं डोकं फिरवायचं सोडून मी अख्खा नळच फिरवला, तो भिंतीतून निसटला आणि पाण्याचा झोत थेट माझ्या चष्म्यावर. मी न्हाणीघरातला पाण्याचा वॉल बंद करायला धावलो, घसरलो, उठलो. आई हसत होती, अण्णा. तोंडाला पदर लावून. कितीतरी महिन्यांनी.

मग ती स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसली. माझ्या उजव्या हातात नवा पाना, डाव्या हातात तुमचा, निव्वळ ओळखपत्र म्हणून. मी नळाच्या आट्यांवर टेप गुंडाळू लागलो तर तिने माझ्या मनगटावर टिचकी मारली. "उलटी प्रदक्षिणा घालताय. असं घातलं की पिळताना सगळं सुटून येतं. ह्यांनी शिकवलं नाही तुम्हाला?" मी म्हटलं, नाही शिकवलं. "आमच्या मुलालाही नाही शिकवलं," ती म्हणाली, "पोरगं हुशार आहे हो, पण हाताला वळण नाही. हे म्हणायचे, राहू दे, त्याचे हात काळे व्हायला नकोत." मी टेप सोडली आणि सुलटी गुंडाळली. मान वर केली नाही, कारण चष्मा पुन्हा ओला झाला होता आणि या वेळी वॉल बंद होता. तुम्ही मला हाकललं असंच मी चाळीस वर्षं धरून बसलो होतो.

आत नवा वायसर बसवला, नळ भिंतीत पिळला, आणि तो दुरुस्त झाला. लाकूड कुरतडणाऱ्या किड्याकडून चुकून अक्षर उमटावं, तसा. पण झाला. मी वॉल सोडला, तोटी बंद केली, आम्ही दोघं खाली वाकून बघत राहिलो. एक थेंब नाही. मला वाटलं, आत्ता तुम्ही असायला हवं होतं. आईने तोटीवरून बोट फिरवलं, कोरडं बोट मला दाखवलं आणि म्हणाली, "झालं की छान. आता निघा तुम्ही. दिवेलागण झाली, तुमची आई वाट बघत असेल."

मी काहीतरी पुटपुटलो, तिने ऐकलं नाही. कपाळाला लावायचं कुंकूच तेवढं राहिलं होतं, इतक्या आदराने तिने मला दाराबाहेर काढलं. खाली सोसायटीच्या बाकावर मी बसून राहिलो. किल्ली खिशात होती. ती मी वापरली नाही. अर्ध्या तासाने वर जाऊन बेल दाबली. जाळीच्या दाराआडून ती म्हणाली, "नळ तर झालाय. गळत नाही." तिच्यामागे ओट्यावर झाकलेलं ताट दिसत होतं, हात न लावलेलं. मी म्हटलं, "एकदा तपासायचं राहिलं. त्यांनी सांगितलंय." "ह्यांनी सांगितलंय? मग या."

अण्णा, झिजलेला जुना वायसर मी फेकला नव्हता, खिशातच होता. ती माझ्यासाठी दुसरं ताट वाढेपर्यंत मी तो परत बसवला. या वेळी आधी वॉल बंद केला, वरचं डोकंच फिरवलं, एक चूक नाही. थेंब पडायला लागला. आईने लगेच खाली तपेली सरकवली, "अगं बाई, अजून आहेच का!" म्हणाली आणि जेवायला बसली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कंपनीतून येतो. मावशी म्हणतात, "सर, प्लंबर बोलवा की हो, किती पाणी फुकट जातंय." मी बघतो म्हणतो. तपेलीतलं पाणी तुळशीला घालतो.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या पेटीत, पान्यांखाली ठेवतो. नळ गळतो त्याची काळजी नाही मला, तो मला आता दुरुस्त करता येतो. भीती दुसरीच आहे. तिच्यापाशी आता फक्त तुम्ही उरला आहात, आणि तुमच्या नावावर मी या घरात शिरतो. परवा पेटी उघडली तेव्हा तिने तुमचा पाना हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "हे काय असतं हो?" मी सांगितलं. तिला आठवलं, पण वेळ लागला. ज्या दिवशी आठवणार नाही, त्या दिवशी मी कुणाचा माणूस म्हणून तिला जेवायला घालू?