राखीकडं आलेला यंत्राचा पाहुणा

तीर्थरूप जगदेवदादास, धाकट्या वैजयंतीचा पाया पडून नमस्कार. तुह्या गुडघ्याचं काय म्हननं हाय? वहिनीचा खोकला थांबला का? आमी इकडं शिरपूरले खुशाल हाओत. मीच तेवढी सगळ्यायवर चिडून राह्यली. काहून, ते ऐक.

आपली राखी सात वर्षांची झाली, पन बोलत नाही, तुले माहीतच हाय. वाशिमच्या डॉक्टरीनबाईनं स्वमग्न लेकरांसाठीचा रोबो महिनाभर घरी देल्ला. घागरीएवढा, पांढराफेक. तो हात वर करते, "राखी, नमस्कार" म्हनते, आन मंग दहा सेकंद गप राह्यते. पोरीनं मनात जुळवाजुळव करून आपलं उत्तर द्यावं म्हनून. मले हे लय पटलं.

पन पयल्याच दिवशी सासूबाईनं, घरी पाहुना आला म्हनून, त्याले पाटावर बसवलं, ओवाळलं आन कपाळभर कुंकू लावलं. (त्याचा कॅमेरा कपाळातच हाय, हे कोनाले ठाऊक!) बिचारा आंधळा झाला. राखी समोर बसली होती आन हा भिंतीले नमस्कार घालून राह्यला. आमच्या यायनं अर्धा दिवस कापसाच्या बोळ्यानं कुंकू पुसलं.

त्याचे डोळे परत आले तं दुसरी आफत. रोबोनं नमस्कार घातला का राखीच्या आधी सासूबाई उत्तर देतात, मंग दारातून दूधवाला भाऊसिंग, मंग शेजारची हुस्नाबानो. (ती सलामबी करते आन तब्येतबी विचारते.) नाव विचारलं तं अख्खी गल्ली "राखी!" म्हनून बोंबलते. रोबो खूश होऊन टाळ्या वाजवते आन पोरगी कान झाकून आतल्या खोलीत पळते. आपल्याकडं कोनी काही विचारलं आन समोरचा गप राह्यला तं मानसाले कसंतरीच वाटते ना दादा. कोनी ना कोनी बोलूनच टाकते. सात वर्षं आमी असंच तिच्या वाट्याचं बोलत आलो. हे ध्यानात आलं तवा मले रडू आलं. मंग राग आला.

चौथ्या दिवशी मी एकेकाच्या तोंडात खारीक कोंबली. रोबो चालू हाय तोवर चघळायची, थुंकायची नाही. सासूबाईले दात नाहीत, त्यायची तं सकाळभर पुरते. हुस्नाबानो खारकेऐवजी खजूर घेऊन आली, दोन सेकंदात गिळला आन बोललीच; तिले मी ओट्यावर बसवलं. अकराव्या दिवशी रोबोनं नमस्कार घातला. घरात चिडीचूप. आन आठव्या सेकंदाले राखीनं हात वर केला. शब्द नाही, दादा, नुसता हात. पन तिचा सोताचा. आता मी मागं हटनार नाही.

तुही बहीन,
वैजयंती

ता. क. रोबो सोमवारी परत चालला, दुसऱ्या लेकराचा नंबर हाय. डॉक्टरीनबाई म्हनते, आता त्याच्या जागी मानूस पायजे. तेच वाक्य, त्याच आवाजात, दिवसातून चाळीसदा, न कंटाळता. राखीचे बाबा तं पाचव्यांदाच वैतागले. तू तुह्या पयल्या मोटरसायकलची गोष्ट वीस वर्षं एका शब्दाचा फरक न करता सांगून राह्यला. आपल्या खानदानात हे काम तुह्याशिवाय कोनाले जमनार नाही. रविवारी रिसोडहून पयली एसटी धर, आठ दिवसाचे कपडे घेऊन ये.

आनखी एक. तिनं हात वर केला का रडू नको. मानसाचा चेहरा एकदम बदलला का ती दचकते. रडायचं तं परत जातानी एसटीत रड. मी इथं रोज मोरीत जाऊनच रडते.